मोटारींतील रेडिओ

सन २०२५ च्या उन्हाळ्यांत आम्ही सहकुटुंब आमच्या कन्येकडे इंग्लंडांत लीड्स येथें राहून आलों. तेथील हवापाण्याचें वर्णन करून वाचकांस शिणविण्याचा आमचा हेतु नाहीं. ती कामगिरी इतरांनीं यथास्थित पार पाडली आहे. सांगावयाचें आहे तें जांवईबापूंच्या जुन्या मोटारींत डिजिटल रेडिओ बसविण्याविषयीं. त्या उद्योगांत आमच्या हातून दोन चुका झाल्या, व त्यांपैकीं एक जिवावर बेतण्याजोगी होती.

खटाटोपाचें मूळ क्रिकेट हें होय. भारताचा संघ त्या वर्षीं तेथें पांच कसोटी सामने खेळावयास आला होता. पैकीं पहिला लीड्सलाच झाला व तो आपण हरलों. बी.बी.सी.चें कसोटीचें धावतें वर्णन पूर्वीं लांब लहरींवर साध्या रेडिओलाहि लागत असे. २०२३ नंतर तें तेथून गेलें आणि रेडिओवर ऐकावयाचें तर डिजिटल सेट हवा असें झालें. मोटारींतला मूळचा सेट एफ.एम.पुरता. जांवईबापू म्हणाले, "अण्णा, मोबाईलवर ऐका कीं." ऐकून पाहिलें, परंतु ऐन षटकांत कोणाचा तरी फोन येतो, व तो बहुधा विहीणबाईंचा असतो.

ह्या पद्धतीस तिकडे 'डॅब' म्हणतात. बी.बी.सी.नें ती १९९५ सालीं सुरू केली. नॉर्वेनें तर २०१७ सालीं राष्ट्रीय एफ.एम. केंद्रें बंदच केलीं. एफ.एम.ची लहर सुमारें तीन मीटर लांब. बी.बी.सी.चा देशव्यापी डॅब समूह २२५.६४८ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे लहर १.३३ मीटर व तिचा चतुर्थांश ३३ सेंटिमीटर. उभ्या काडीच्या एरियलीची लांबी ह्या चतुर्थांशावरून ठरते, म्हणून एफ.एम.साठीं केलेली काडी ह्या कामास नीट पुरत नाहीं. शिवाय येथें एका केंद्रास एक लहर असा हिशेब नाहीं. अनेक केंद्रें एकत्र करून तीं १५३६ बारीक वाहक लहरींवर पसरून दिलेलीं असतात. विणलेल्या वस्त्राचे चार धागे तुटले तरी वस्त्र टिकतें, त्याप्रमाणें थोड्या लहरी बिघडल्या तरी ध्वनि निर्मळ राहतो. धागे फार तुटले म्हणजे मात्र वस्त्र एकदम फाटतें. शब्द पाण्यावरील तरंगांप्रमाणें एकापासून दुसरा असा पसरतो, असें आमचे नैयायिक मानीत. रेडिओची लहर म्हणजे शब्द नव्हे हें आम्हांस कळतें. तरी वर्गांत वीचीतरंगन्याय शिकविलेल्या माणसास तो आठवल्यावांचून राहत नाहीं.

सेट बसविण्यास अर्धा तास लागला. खरें काम एरियलीचें. आम्हीं आणिलेली एरियल म्हणजे पुढच्या कांचेस आंतून चिकटविण्याची पातळ पट्टी, तिला एक लहानशी डबी व डबीपासून सेटपर्यंत तार. कांचेच्या कडेचा जो तिरपा खांब असतो, त्याच्या आवरणाखालीं पुष्कळ गाड्यांत पडद्यासारखी एअरबॅग घडी घालून ठेविलेली असते. तिच्यावरून तार सरळ खालीं सोडणें आम्हांस सोपें दिसलें व आम्हीं ती तशी सोडली. अपघांत झाला असतां ती पिशवी निमिषार्धांत फुगून बाहेर येते. मध्यें तार असेल तर पिशवीची वाट अडते, नाहीं तर ती तार व डबी बसणाराच्या तोंडावर येते. तिकडे चालक उजवीकडे बसतो. डावीकडे आमचें कुटुंब बसावयाचें होतें.

कन्या चहा घेऊन बाहेर आली. "अण्णा, ही तार कोणीं सोडली?" एवढेंच तिनें विचारलें. ती इस्पितळांत अपघात विभागांत काम करते. तेथें ती काय पाहते हें आम्हीं आजवर विचारलें नाहीं, त्या दिवशींहि विचारलें नाहीं. आमचा चहा निवून गेला. बॅटरीचें ऋण टोक सोडून, मोटारीच्या पुस्तकांत सांगितला होता तेवढा वेळ थांबून, तार पुन्हा काढली आणि मूळच्या तारांच्या जुडीबरोबर पिशवीच्या मागून नेऊन बांधली. ह्यांत दोन तास गेले. जांवईबापू एक शब्दहि बोलले नाहींत, ह्याचेंच आम्हांस अधिक वाटलें.

दुसरी चूक अर्थिंगची. डबीला धातूच्या चिकट पत्र्याची एक शेपटी असते. ती खांबाच्या धातूस चिकटवावयाची, म्हणजे मोटारीचें सगळें अंग एरियलीचा आधार बनतें. आम्हीं ती प्लॅस्टिकच्या आवरणावर नीटनेटकी चिकटविली. केंद्रें सांपडलीं तीं निम्मीं, व तींहि अडखळणारीं. आवरण पुन्हा काढून, धातू स्पिरिटनें पुसून, शेपटी तेथें दाबून बसविली. एवढ्यानें भागेना, तेव्हां नातवानें सेटची यादी चाळून एरियलीची वीज बंद असल्याचें दाखविलें. डबींत लहानसा वर्धक असतो, त्याला सेटकडूनच वीज पोंचावी लागते. नातू नऊ वर्षांचा आहे.

जातां जातां हेंहि सांगून ठेवितों कीं, परदेशस्थ मुलांकडून असा सेट मागविण्याचा मोह वाचकांनीं आवरावा. आपल्याकडे डॅबचें नियमित प्रक्षेपण नाहीं. आकाशवाणीनें मध्यम लहरींसाठीं डी.आर.एम. ही निराळी पद्धति घेतली असून तिचे सेट आपल्याकडील कांहीं मोटारींत कारखान्यांतूनच बसून येतात.

४ ऑगस्ट, सोमवार. लंडनच्या ओव्हल मैदानावर शेवटच्या कसोटीचा पांचवा दिवस. इंग्लंडास ३५ धावा हव्या होत्या व चार गडी शिल्लक होते. जांवईबापूंनीं रजा घेतली होती, आणि आम्ही इल्क्लीच्या पुढें डोंगरांत निघालों होतों. आवाज असा स्वच्छ कीं, चेंडू बॅटीस लागल्याचें मोटारींत ऐकूं येई. नववा गडी बाद झाला तेव्हां १७ धावा उरल्या होत्या, आणि वोक्स एक हात झोळींत अडकवून मैदानांत उतरला. त्याच सुमारास रस्ता दरींत उतरूं लागला. वर्णन करणाराचा आवाज पाण्याच्या बुडबुड्यांसारखा झाला व पाठोपाठ सगळें शांत. जुना रेडिओ असता तर खरखर वाढली असती, परंतु कान देणारास धावसंख्या तरी कळली असती. हा मात्र मुकाच झाला.

क्रिकेटमध्यें किती गडी असतात हें चाळीस वर्षांत ज्यांनीं आम्हांस कधीं विचारलें नाहीं, त्या आमच्या कुटुंबानें पुढच्या आसनावरून फर्मान सोडलें, "जांवईबापू, गाडी वळवा!"

गाडी वळविली, चढावर घेऊन कडेस उभी केली. आवाज परत आला तो नुसत्या गर्जनेचा. ती कोणाची तें कळेपर्यंत कोणी श्वास घेतला नसावा. सिराजनें ॲटकिन्सनचा त्रिफळा उडविला होता. आपण ६ धावांनीं जिंकलों होतों. तो चेंडू आम्हांस ऐकावयास मिळाला नाहीं, तो नाहींच.

जांवईबापूंनीं आतां छतावर बसणारी उभी काडी मागविली आहे. ती बसवितांना अण्णा येथें नसावे अशी कन्येची इच्छा आहे, आणि तें आम्हांस मान्य आहे.