उत्तर मुद्द्याला की माणसाला?

कराडजवळच्या टेंभूत १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारक’मधून समाजापुढे युक्तिवाद मांडले. पुण्यातील सनातन्यांनी त्यांना उत्तर दिले ते त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढून. ज्याचा मुद्दा खोडता येत नाही त्यालाच तिरडीवर चढवायचे, ही आपल्याकडील रीत अशी जुनी आहे.

वास्तविक तिच्याहून जुनी आणि सरळ रीत आपल्याजवळ होती. सत्य शोधण्यासाठी केला तो ‘वाद’, केवळ जिंकण्यासाठी केला तो ‘जल्प’, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे मोडते ती ‘वितंडा’, असे भेद न्यायशास्त्राने केले. (मराठीत रोजच्या वापरात उरला तो वितंडवादच!) शब्द मुद्दाम वाकडा घेण्याला त्याने ‘छल’ म्हटले. कोणी ‘नवकंबल’ म्हणावे, नवे कांबळे या अर्थी; प्रतिपक्षी विचारतो, नऊ कांबळी कुठे आहेत?

साताऱ्यात जन्मलेले, मिरजेत डॉक्टर झालेले नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झगडले, तेव्हा त्यांच्या वाट्याला असाच छल आला. मसुद्यातील शब्द सैल आहेत, हा आक्षेप रास्त वाद होता. मसुदा वारंवार बदललाही. परंतु आज बुवाबाजी बंद होईल, उद्या वारी आणि पूजाही, ही आरोळी म्हणजे नुसते भय होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात संमत झालेल्या कायद्यात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना स्पष्ट शब्दांत वगळले आहे. तो वाचायला तासभरही लागत नाही.

आपण कॅथलिकांनी हे वाचून नुसती मान डोलवू नये. संत थॉमस अक्विनास ‘सुम्मा’त आधी विरोधकांचे आक्षेप मांडतात, देव नाही म्हणणाऱ्यांचेसुद्धा, आणि मगच उत्तर देतात. धर्मग्रामाच्या सभेत मात्र कोणी सणाच्या खर्चाचा हिशेब विचारला, की कुजबूज सुरू होते, “हा रविवारी मिस्साला तरी येतो का?” येत नसेल! म्हणून बेरीज बदलते काय? भावनेला हात घालणे पाप नव्हे. तिच्या आडून मुद्दा पळवणे हा कावा आहे. कोणी तरी उठतो, वाडवडिलांच्या श्रद्धेविषयी भरल्या गळ्याने बोलतो, टाळ्या पडतात, चहा येतो. हिशेबाची वही कपाटातच राहते.