चाचणी आमच्यावर झाली, आमच्यासाठी कधी होणार?

वैद्यकशास्त्राने मोठी झेप घेतली, असे रोज वाचायला मिळते. घेतली असेल. पण त्या झेपेसाठी पाठ कुणी वाकवली आणि फळ कुणाच्या पदरात पडले, हे विचारायला आपण अकलूजच्या बायांनी लांब जायला नको. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीपर्यंत गेले तरी पुरे.

बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया आणि गावांचे ५२ समूह चार गटांत विभागले. पहिल्या गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथा गट तुलनेसाठी. त्याची तपासणी नाही.

निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या ३४,१२६ बायांपैकी ३४ जणी या कॅन्सरने दगावल्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! जगाने दखल घेतली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच चाचणीला पहिली पसंती दिली.

आता त्या चौसष्ट जणींचा हिशोब मांडू या. पॅप स्मिअर जगाला १९४० च्या दशकापासून ठाऊक होती. मग त्यांना तपासणीविना का ठेवले? उत्तर मिळाले की, भारतात तपासणीची सोय नव्हतीच, म्हणून तपासणी नसणे हीच इथली ‘नेहमीची सेवा’. वा! सरकारने बाईकडे पाठ फिरवायची, आणि ती फिरवलेली पाठच शास्त्राने मोजपट्टी म्हणून वापरायची!

आमचा संशोधनाला विरोध नाही. या अभ्यासातून जे कळले ते लाखमोलाचे आहे. म्हणूनच विचारतो, ते परत आले का? २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या बायांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याच्या सूचना काढल्या, त्याही व्हिनेगरच्या पाहणीच्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोघींचीही ही तपासणी आयुष्यात कधी झालेली नव्हती.

तपासणी नसली तरी भीती मात्र गावोगाव पोचली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे डॉक्टरांनी सांगितल्याचे कितीतरी जणींनी सांगितले. कॅन्सरचा धोका आहे की नाही हे सांगणारी चाचणी नाही, पण कॅन्सरच्या नावाने कात्री तयार! आपल्या माळशिरस तालुक्यातही हंगामात टोळ्या उतरतात. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते, आणि बाई ते अंगावर काढत मोळी उचलते. खाडा केला तर मजुरी कापली जाते ना!

मैत्रिणींनो, ‘बायकाच तपासायला येत नाहीत’ हे पालुपद आता पुरे. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई स्वतःच घेऊ शकते. टेबलावर आडवे व्हायची लाज नाही, की परक्या डॉक्टरचा हात नाही. हा नमुना फडावरच्या कोपीतही घेता येईल.

म्हणून आपली मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ऊसतोड टोळ्यांच्या तळावर ही चाचणी मोफत हवी. दोष आढळला तर उपचारही तिथल्या तिथे किंवा एका फेरीत हवेत. आणि चाचणीशिवाय कॅन्सरची भीती घालून पिशवी काढणाऱ्याला जाब विचारला गेला पाहिजे. येत्या ग्रामसभेत हे ठराव मांडा. पुराव्याची उणीव नाही. तो आपल्याच बहिणींनी जीव देऊन पुरवला आहे.