खारपाणपट्टा ते वॉटर व्हिला

खाऱ्या पाण्याचं कौतुक आम्हा बुलढाणेकरांना काय सांगता? लोणारला उल्कापाताने झालेलं खारं सरोवर आहे, तेही जगप्रसिद्ध. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडच्या खारपाणपट्ट्यात तर बोअर मारली की खारंच पाणी लागतं. तरीही सध्या ओळखीतली प्रत्येक दुसरी जोडी मला एकच फोटो पाठवतेय... निळंशार पाणी, लाकडी खांब, त्यावर गवती छपराची खोली आणि डेकवरून थेट समुद्रात उतरणारी शिडी. मालदीव, बॉस!

ताजी केस खामगावच्या मैत्रिणीची. मॅडम बँकेत, नवरा ज्युनिअर कॉलेजवर. चार वर्षं दर महिन्याला आरडी भरून पैसे जमवलेत. नवऱ्याने अजून समुद्र पाहिलेला नाही. प्लॅन काय, तर पाच रात्री आणि पाचही पाण्यावर! सासूबाईंनी एका वाक्यात विकेट काढली, "काहून वं, पाण्यावर झोपाले एवढे पैसे? तेवढ्यात त साऱ्या वावराले तार कुंपण होते!"

हसू नका. आरडी एकदाच मोडते, आणि रोही-रानडुकरं दरवर्षी येतात. त्यामुळे ट्रिप करायची तर हिशेब कुंपणाइतकाच पक्का हवा.

पहिला प्रश्न : तुम्हाला बीच हवाय की पाणी? दोन्ही एकच, असं वाटतं ना? तसं नाही. पाण्यावरच्या खोल्यांची ही फॅशन सुरू झाली 1967 मध्ये, फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायातेआ बेटावर. तिथे हॉटेल चालवणाऱ्या अमेरिकन तरुणांची अडचण अशी, की त्यांच्या हॉटेलला बीचच नव्हता. मग त्यांनी खोल्या सरळ पाण्यात उभ्या केल्या. म्हणजे ज्या खोलीसाठी आपण जीव टाकतोय, ती वाळू नाही म्हणून काढलेली पळवाट! आजही बऱ्याच रिसॉर्टमध्ये वॉटर व्हिला लांबलचक लाकडी जेट्टीच्या टोकाला असतात. वाळूत पाय घालून बसायचं तर चालत या, नाहीतर बग्गी बोलवा. आणि त्याच रिसॉर्टमधला बीच व्हिला बहुतेक वेळा स्वस्त असतो. ज्याने समुद्रच पाहिला नाही त्याला आधी लाट पायावर घेऊ दे की!

माझा सल्ला म्हणून सरळ आहे. पाण्यावर एक रात्र, फार तर दोन. बाकीच्या लोकल बेटावर. 2009 नंतर मालदीवमध्ये स्थानिकांच्या बेटांवर गेस्ट हाऊस चालवायला परवानगी मिळाली आणि तिथून मध्यमवर्गाचं मालदीव सुरू झालं. माफुशी हे त्यातलं सगळ्यात फेमस. मालेहून स्पीडबोटने गेलात की पाऊण तासाच्या आत पोचता. पाणी तेच, मासे तेच, रंगही तोच. फक्त तिथे दारू मिळत नाही आणि बिकिनीसाठी वेगळा राखलेला बीच असतो. आमच्या मॅडमना दोन्हीने फरक पडत नाही.

आता दर. वेबसाइटवर आकड्यापुढे दोन छोटे अधिक असतात, ++ असे. खरी गंमत तिथे आहे. समजा रात्रीचे 600 डॉलर. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे 660. त्यावर पर्यटन जीएसटी, जो 1 जुलै 2025 पासून 17 टक्के झाला, म्हणजे 772. शिवाय ग्रीन टॅक्स. तो 2025 च्या जानेवारीपासून रिसॉर्टमध्ये माणशी रोज 12 डॉलर आहे. झाले ना दोघांचे आठशेच्या घरात? आणि अजून जेवण धरलेलंच नाही. रिसॉर्ट म्हणजे एक आख्खं बेट, कोपऱ्यावर वडापावची गाडी नसते! दोन्ही वेळच्या जेवणासकटचा दर आधी मागा. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर वर टीसीएस कापतील. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात.

सगळ्यात मोठी मेख सी-प्लेनची. लांबच्या रिसॉर्टला हे छोटं विमान नेतं, परतीसह माणशी चारशे-पाचशे डॉलर सहज लागतात आणि ते उडतं फक्त उजेडी. तुमचं विमान साधारण दुपारी साडेतीनच्या आत मालेला उतरलं नाही, तर ती रात्र मालेतच. आता शेगावहून विचार करा. विदर्भ एक्स्प्रेसने रात्री निघालात की सकाळी मुंबई. ट्रेन लेट झाली की दुपारचं विमान आणि पुढची सगळी साखळी बोंबलली. मुंबईला एक दिवस आधीच पोचा, आणि रिसॉर्ट स्पीडबोटीच्या अंतरावरचा निवडा. बोट संध्याकाळनंतरही मिळू शकते. फोटोत कुणाला कळणार आहे बेट किती लांबचं ते?

तारखा काढणं तर मुहूर्त काढण्यापेक्षा अवघड. कोरडा सीझन डिसेंबर ते एप्रिल. मे महिन्यात पाऊस सुरू होतो, म्हणून दर उतरतात. सरांना सुट्टी नेमकी मे महिन्यात! फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा, मार्चअखेर बँकेचं क्लोजिंग. उरतो एप्रिलचा शेवट. ईस्टरची गर्दी ओसरलेली असते, आभाळ बहुतेक साथ देतं. आम्ही तोच पकडलाय.

"पोहता येतं का?" विचारलं तर सर म्हणाले, "विहिरीत सूर मारतो मी." छान. पण विहिरीला प्रवाह नसतो. व्हिलाच्या शिडीखाली पाणी किती खोल आहे, कोरलची भिंत किती जवळ आहे, हे बुकिंगआधी ईमेलवर विचारा. लाइफ जॅकेट घालायला लाजू नका.

"आपल्या कोकणात का नाही अशा खोल्या?" हाही प्रश्न आला. एक तर सीआरझेडचे नियम. दुसरं म्हणजे मालदीवच्या खोल्या प्रवाळाच्या कड्याआड, शांत उथळ पाण्यात उभ्या असतात. तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर. आपला किनारा उघडा, त्यावर जून-जुलैच्या लाटा... खांब उरतील का? लक्षद्वीपला प्रवाळ आहे. सुहेली आणि कदमत बेटांवर वॉटर व्हिलासह दोन रिसॉर्ट बांधण्याची घोषणा ताज ग्रुपने 2023 मध्ये केली होती. पण लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परमिट लागतं.

कोकणाचा एक उपयोग मात्र आहे. जायच्या आधी एखादा लाँग वीकेंड मालवणला काढा, पावसाळा सोडून. सिंधुदुर्ग किल्ला बघा, सोलकढी प्या आणि स्नॉर्केलिंगचा मास्क लावून डोकं पाण्याखाली घाला. नाकातोंडात पाणी जाऊन घाबरायचं असेल, तर ते आठशे डॉलरच्या खोलीखाली कशाला?