मुलांपासून काय झाकावे?

ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचे करमणुकीचे साधन, अशी समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. या समजुतीमुळे मोठी माणसे हे चित्रपट स्वतः पाहत नाहीत, आणि मुलांनी त्यांतले काय पाहावे हे मात्र न पाहताच ठरवून टाकतात. निवासी शाळेत काम करणाऱ्या आम्हा शिक्षकांना हा प्रश्न पालकसभेत हटकून विचारला जातो. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांना मरणाचे, भांडणाचे, ताटातुटीचे प्रसंग कशाला दाखवता? काही हसरे, गोड दाखवावे. प्रश्न मायेपोटी आलेला असतो आणि त्याला उडवाउडवीचे उत्तर देणे योग्य नाही. म्हणून जगभर नावाजलेल्या, पारितोषिके मिळालेल्या काही ॲनिमेशन लघुपटांच्या आधाराने आम्ही आमचे मत येथे मांडत आहोत.

नॉर्मन मॅकलॅरन हे कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळातील कलावंत. १९४९ साली युनेस्कोच्या एका शैक्षणिक प्रकल्पासाठी ते चीनमध्ये गेले आणि तेथील क्रांतीचा काळ त्यांनी जवळून पाहिला. ते परत आले आणि कोरियाचे युद्ध पेटले. या अस्वस्थतेतून १९५२ साली ‘नेबर्स’ हा आठ मिनिटांचा लघुपट जन्माला आला. (पुढे युनेस्कोच्याच कामासाठी ते भारतातही येऊन गेले.) यात रेखाटलेली चित्रे जवळजवळ नाहीतच. खरी हाडामांसाची माणसे घेऊन, एकेक चौकट स्वतंत्रपणे टिपून त्यांना बाहुल्यांसारखे हलवले आहे. दोन शेजारी खुर्च्या टाकून वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात. दोघांच्या अंगणांच्या सीमेवर एक फूल उमलते. त्याच्या सुगंधाने दोघेही वेडावतात. मग फूल कोणाचे, यावरून वाद, वादातून कुंपण, कुंपणाच्या काठ्यांनी मारामारी. शेवटी दोघेही मरतात, आणि ज्या फुलासाठी हे घडले ते या झटापटीत केव्हाच चिरडले गेलेले असते.

या लघुपटाला ऑस्कर मिळाले, तेही गमतीने माहितीपटांच्या विभागात! परंतु पारितोषिक मिळालेली प्रत पूर्ण नव्हती, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. मूळ चित्रपटात ते दोघे शेजारी एकमेकांच्या घरात शिरून बायको आणि तान्ह्या मुलाचाही जीव घेतात. अमेरिका आणि युरोपातील प्रेक्षकांना हे सोसवणार नाही, म्हणून तो प्रसंग मॅकलॅरन यांना काढावा लागला. पुढे व्हिएतनामचे युद्ध सुरू झाले, लोकांचे मन बदलले, आणि तोच प्रसंग परत जोडावा अशी विनंती त्यांना करण्यात आली. आज पाहायला मिळते ती ही पूर्ण प्रत.

इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्हाला हा तपशील चित्रपटाइतकाच मोलाचा वाटतो. तो प्रसंग वगळला की दोन मूर्ख पुरुषांच्या भांडणाची विनोदी गोष्ट उरते. तो असला की कळते, भांडण दोघांचे असले तरी मरतो तिसराच. पाळण्यातल्या मुलाने कोणते फूल मागितले होते? ज्यांच्या वाड्यावस्त्यांवर कधी ना कधी दुसऱ्यांच्या रागाची आग येऊन गेली आहे, त्यांच्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. आठवीच्या पुढील मुलांना आम्ही पूर्ण प्रतच दाखवतो आणि नंतर वर्गात बोलतो. लहान मुलांना दाखवत नाही. पूर्ण दाखवण्याचा आग्रह म्हणजे वयाचा विचार सोडून देणे नव्हे.

मात्र प्रत्येक काटछाट एकाच मापाने मोजता येत नाही. वॉल्ट डिस्नेच्या ‘थ्री लिटल पिग्ज’ची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. ऑस्करमध्ये ॲनिमेशन लघुपटांचे पारितोषिक १९३२ साली सुरू झाले आणि पहिली आठही वर्षे ते डिस्नेकडेच गेले. त्यांपैकी हा १९३३ सालचा विजेता. तीन डुकरे, तीन घरे आणि लांडगा ही गोष्ट आपली मुले इंग्रजीच्या पुस्तकात वाचतातच. मूळ चित्रपटात विटांच्या घरात शिरण्यासाठी लांडगा ब्रश विकणाऱ्या फेरीवाल्याचे सोंग घेऊन येतो. लांब नाक, दाढी, विशिष्ट धाटणीचे बोलणे. हा फेरीवाला म्हणजे ज्यू माणसाचे उघडउघड विडंबन होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला होता. इकडे सारे चित्रपटगृह हसत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तो प्रसंग नव्याने चितारण्यात आला आणि लांडग्याचे ते सोंग नाहीसे झाले.

येथे बदल योग्यच झाला असे आम्ही मानतो. संपूर्ण समाजाला लबाड ठरवणारे चित्र सहा वर्षांच्या मुलाच्या मनात हसतखेळत उतरते आणि मग निघता निघत नाही. आपल्या लोकांची नावे, पेहराव, बोली यांची टिंगल चित्रपटांतून आणि नाटकांतून किती पिढ्या झाली, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. तरीही दहावीच्या मुलांना ती जुनी प्रत दाखवावी, ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून दाखवावी, असे आमचे आग्रही मत आहे. इतका देखणा, इतका गोड चित्रपट, त्यावर सर्वोच्च पारितोषिकाची मोहोर, आणि त्याच्या पोटात हे विष! पारितोषिक ही सद्‌विचाराची हमी नसते, हे मुलांना यापेक्षा लवकर कशाने कळेल? अलीकडे २०१९ च्या ‘हेअर लव्ह’ या लघुपटाने उलट वाट दाखवली. कृष्णवर्णीय मुलीचे दाट कुरळे केस तिचा बाप मोठ्या कष्टाने विंचरतो, एवढीच ती गोष्ट. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या या चित्रपटाला २०२० साली ऑस्कर मिळाले. ज्या केसांची चेष्टा व्हायची, ते येथे लाडाचा विषय झाले. आणि बापाला विंचरावे का लागते याचे कारण शेवटी रुग्णालयात उलगडते, तेव्हा मुलेही गंभीर होतात.

आता मरण आणि ताटातूट यांविषयी. मायकेल डुडोक डी विट या डच दिग्दर्शकाच्या ‘फादर अँड डॉटर’ या लघुपटाला २००१ साली ऑस्कर मिळाले. आठ मिनिटे, संवाद एकही नाही. बाप आणि लहान मुलगी सायकलींवरून पाण्याच्या काठी येतात. बाप तिला जवळ घेतो, होडीत बसतो आणि निघून जातो. का जातो, कुठे जातो, काही सांगितलेले नाही. मुलगी त्या काठावर पुन्हा पुन्हा येत राहते. तरुणपणी, संसारात पडल्यावर, म्हातारपणी. सायकल तीच वाट चालते, फक्त पायडल मारणे जड होत जाते. शेवटी पाणी आटते आणि वाळलेल्या गवतातून चालत ती एका रुतलेल्या होडीपाशी पोहोचते. पुढचे सांगून आम्ही वाचकांचा आनंद हिरावून घेणार नाही.

पालकांचा सर्वाधिक आक्षेप नेमक्या याच लघुपटावर असतो. आमचे निरीक्षण वेगळे आहे. वसतिगृहातील कित्येक मुलांनी बाप गमावलेला असतो; काहींचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात आणि सहा-सहा महिने भेट नसते. या मुलांपासून ताटातूट झाकण्याचा प्रयत्न म्हणजे त्यांना जे आधीच माहीत आहे ते आपणच नाकारणे होय. त्यांना एकटेपणा वाटतो तो दुःखामुळे जितका, तितकाच त्या दुःखाविषयी कोणी बोलत नाही म्हणून. दूर देशातील एका चित्रकाराने आपल्या मनातले आठ मिनिटांत, एक शब्दही न उच्चारता मांडले, हे पाहून मूल रडले तर रडू द्यावे. शेजारी शिक्षक बसलेला असावा, एवढीच अट.

फ्रेडरिक बॅक यांच्या ‘द मॅन हू प्लांटेड ट्रीज’विषयी आम्हाला खरे तर स्वतंत्र लेख लिहायला हवा. अर्ध्या तासाचा हा चित्रपट १९८८ साली ऑस्करने गौरवला गेला. रंगीत पेन्सिलींनी काढलेली हजारो चित्रे, जवळजवळ एकहाती केलेले पाच वर्षांचे काम. पत्नी आणि एकुलता एक मुलगा गमावलेला एक मेंढपाळ ओसाड डोंगरावर रोज शंभर ओकची बियाणे निवडून पेरतो. तीन वर्षांत त्याने एक लाख बिया लावल्या. वीस हजार उगवल्या. त्यांतल्याही निम्म्या जातील असा त्याचा हिशेब. उरल्या दहा हजार! वृक्षारोपणाच्या दिवशी मुलांना हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. ज्याँ जियोनो यांच्या मूळ कथेतील हा मेंढपाळ काल्पनिक आहे, पण पुष्कळांनी त्याला खरा मानले, हेही मुलांना सांगावे. गोष्ट काल्पनिक असल्याने तो हिशेब खोटा ठरत नाही.

आपल्या देशातील पारितोषिकप्राप्त लघुपटांत आमच्या पिढीला तोंडपाठ असलेला म्हणजे ‘एक अनेक और एकता’. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी तो केला, ॲनिमेशन भीमसेन यांचे. सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. दूरदर्शनवर तो पाहिला नाही असा आमच्या वयाचा माणूस विरळाच. जाळ्यात सापडलेले पक्षी एकत्र बळ लावून जाळ्यासकट उडतात आणि उंदीर जाळे कुरतडतात.

हीच कल्पना सम्मोदमान जातकात आहे, पण ते जातक येथे थांबत नाही. लावे पक्षी जाळे उचलून काटेरी झुडपावर टाकतात आणि खालून निसटतात. असे कित्येक दिवस चालते. मग एक दिवस चरताना एकाचा पाय चुकून दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. दोघांत भांडण जुंपते. जाळे काय तू एकट्यानेच उचलतोस, अशी बोलाचाली होते. त्यांचा शहाणा नायक आपल्या साथीदारांना घेऊन तेथून निघून जातो. शिकारी पुन्हा येतो, जाळे पडते, आणि प्रत्येक लावा दुसऱ्याला म्हणतो, आता तू उचल. सगळे पकडले जातात.

आम्ही सातवीच्या वर्गाला आधी तो चित्रपट दाखवतो आणि त्याच तासाला हे जातक सांगतो. चित्रपट वाईट आहे म्हणून नव्हे. तो सुरेख आहे. पण जाळे एकदा उचलणे सोपे असते आणि भांडण त्यानंतर सुरू होते, हे आपल्या संघटनांच्या इतिहासात आपण पुरेसे पाहिले आहे. गोष्टीचा हा उरलेला अर्धा भाग आमच्या चित्रकलेच्या वर्गातील मुलांनी कागदावर उतरवायला घेतला आहे. शाळेतील माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण आज संगणकावर चित्रांचे काम करतात. त्यांनी सुटीत चार दिवस काढून ही चित्रे कशी हलवायची ते मुलांना शिकवावे, अशी आमची त्यांना विनंती आहे. पकडले गेलेल्या लाव्यांचा शेवट गाळायचा नाही, असे मुलांनी आधीच ठरवले आहे.