मुद्दल राखणारे अरण्य

व्यापारी घरातील मुलाला हिशेब शिकविताना वडीलधारी मंडळी एक नियम आवर्जून सांगतात : उत्पन्नातून खर्च करावा, मुद्दलाला हात लावू नये. मुद्दल खाणाऱ्या पेढीचा डामडौल काही वर्षे टिकतो. वरवर पाहणाऱ्याला तर तिची भरभराटच दिसते. खरी स्थिती ताळेबंद मांडला म्हणजे कळते. निसर्गाच्या बाबतीतही हा नियम किती अचूक लागू पडतो, हे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातल्या एका खोऱ्याच्या उदाहरणावरून आज पाहू.

पेरूच्या उत्तर भागात, अँडीज पर्वताच्या पूर्व उतारावर, सान मार्तिन प्रांतात आल्तो मायो नावाचा प्रदेश आहे. येथील सुमारे १,८२,००० हेक्टर जंगल १९८७ मध्ये संरक्षित वन म्हणून घोषित झाले. वरच्या उतारांवर मेघवने आहेत. ढग तेथे झाडांतूनच वाहतात. फांद्यांवरचे शेवाळ, नेचे आणि ऑर्किड त्यांतील ओलावा टिपून घेतात आणि तो थेंबाथेंबाने मातीत मुरतो. हेच पाणी पुढे मायो नदीला मिळते. खाली रिओहा आणि मोयोबांबा ही गावे आणि भाताची विस्तीर्ण शेती याच पाण्यावर उभी आहे. खोऱ्याच्या तळाशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, पाणथळ ताडवने आहेत. ॲमेझॉनच्या सखल भागात अशी ताडवने विपुल असली, तरी इतक्या उंचीवर ती क्वचितच आढळतात.

या ताडाला तेथे आग्वाहे म्हणतात. त्याचे फळ लालसर तपकिरी खवल्यांनी झाकलेले आणि आतून पिवळे असते. पेरूमध्ये त्याचे सरबत आणि बर्फमलई आवडीने खातात. इकितोस शहराच्या बाजारात तर ते रोजच्या विक्रीचे फळ आहे. या जातीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात आणि फळ केवळ मादी झाडाला येते. झाड ३० मीटरपर्यंत उंच वाढते, खोड सरळसोट असते. त्यामुळे फळांचे घड काढण्यासाठी झाडच तोडण्याची पद्धत रूढ झाली. तोडणारा साहजिकच भरघोस फळे देणारी मादी निवडतो. असे वर्षानुवर्षे झाले की मागे नर झाडे उरतात. दुरून पाहणाऱ्याला वन हिरवेगार दिसते, परंतु त्याची फळण्याची शक्ती संपलेली असते. फळांवर जगणारी माकडे, रानडुकरे आणि मकाव पोपट यांचा शिधाही त्याबरोबर तुटतो.

आपल्या कोकणात नारळासाठी माड तोडण्याचा विचार कोणाच्या स्वप्नातही येत नाही. कोकणी माणूस अधिक शहाणा आणि पेरूचा माणूस अडाणी, असा याचा अर्थ नव्हे. माडाला मालक आहे. आज तोडला तर उद्याचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. पाणथळातील ताड कोणाचाच नसतो. आपण सोडला तर दुसरा तोडील, ही धास्ती प्रत्येकाच्या मनात असते. म्हणून उपायही दोन अंगांनी करावा लागला. झाडावर चढण्याची साधी साधने लोकांना देण्यात आली, आणि काही ठिकाणी वनाची राखण स्थानिकांनीच पत्करली. मोयोबांबाजवळील तिंगाना येथील कुटुंबे आपल्या पाणथळ वनाचे रक्षण करतात आणि पर्यटकांना होडीतून ते वन दाखवून उत्पन्न मिळवितात. उभ्या झाडाला भाव आला की कुऱ्हाड आपोआप थांबते.

या मुद्दलात काय काय साठवले आहे, याची मोजदाद अद्याप पुरी झालेली नाही. पिवळ्या शेपटीचे लोकरी माकड हे पेरूखेरीज जगात कोठेही नाही. खेचरांचे तांडे हाकणारे लोक त्याचे कातडे खोगिरावर घालीत. तेवढ्या कातड्यांवरून हुम्बोल्ट यांनी १८१२ मध्ये या जातीची नोंद केली. पुढे ती नष्ट झाली असे मानले जाऊ लागले, आणि १९७४ मध्ये ती पुन्हा सापडली. आज ती अत्यंत संकटग्रस्त आहे. २०२२ मध्ये आल्तो मायो परिसरात कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल या संस्थेने स्थानिकांच्या सहभागाने ३८ दिवसांची पाहणी केली. तीत दोन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २७ विज्ञानाला नवीन होत्या. चार तर सस्तन प्राणी. पाण्यात वावरणारा एक उंदीर आणि डोक्यावर विचित्र फुगवटा असलेला एक मासा त्यांत होता. हा मासा तेथील आवाहून आदिवासींना मात्र पूर्वीपासून परिचित होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : ही पाहणी निर्मनुष्य अरण्यात झालेली नाही. गावे, रस्ते आणि शेते यांच्या सान्निध्यात एवढी जीवसृष्टी तग धरून आहे.

तिला धोका आहे तो मुख्यतः कॉफीचा. डोंगरातून महामार्ग झाल्यावर अँडीजमधील गरीब शेतकरी जमिनीच्या शोधात येथे आले. संरक्षित वनाच्या हद्दीतही त्यांनी झाडे तोडून कॉफी लावली. काही वर्षांत जमिनीचा कस उतरला की पुढचा तुकडा तोडायचा, असा क्रम सुरू झाला. त्यांना सरसकट हुसकावणे न्याय्य नव्हते आणि शक्यही नव्हते. म्हणून करार पुढे आले. कुटुंबाने नवे जंगल न तोडण्याची हमी द्यावी. त्या बदल्यात त्याला कॉफीची चांगली रोपे, सावलीतल्या लागवडीचे मार्गदर्शन आणि कमी लाकूड लागणारी चूल मिळावी. २०१३ च्या सुमारास तांबेरा रोगाने पेरूतील कॉफी मोठ्या प्रमाणावर नष्ट केली, तेव्हा या मार्गदर्शनाचे मोल लोकांना विशेष कळले. पुढे शेतकऱ्यांची सहकारी संस्थाही उभी राहिली.

या कामाचा खर्च मोठ्या अंशी कार्बन क्रेडिटच्या विक्रीतून निघतो. अमेरिकेतील डिस्ने ही कंपनी त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या खरेदीदारांपैकी एक. येथे मात्र बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाची लेखणी थोडी थबकते. क्रेडिट कशाचे मोजतात? प्रकल्प नसता तर किती जंगल तुटले असते, या अंदाजातून प्रत्यक्ष तुटलेले वजा करून. म्हणजे जमेची मुख्य रक्कमच अनुमानावर उभी. अंदाज फुगविला तर नफाही फुगतो, आणि अशा प्रकल्पांवर जगभर टीका झाली आहे ती याच कारणाने. शिवाय हद्दीत राहणाऱ्या अनेक शेतकऱ्यांकडे जमिनीची कागदपत्रे नाहीत. काहींनी करार नाकारले, वन अधिकाऱ्यांशी संघर्षही झाले. ज्याच्या पायाखालची जमीन त्याच्या नावावर नाही, त्याने वीस वर्षांनी फळ देणारा करार कशाच्या भरवशावर करावा?

असे असूनही हा प्रयत्न मोडीत काढावा असे मला वाटत नाही. उणिवा हिशेबाच्या आहेत आणि हिशेब सुधारता येतो. नष्ट झालेली जात परत आणता येत नाही.

वाचक बंधुभगिनींनो, हा विषय आपल्या दुकानापासून फार दूर नाही. भारतातही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली आहे. उद्या आपल्या तरुण पिढीपुढे अशी प्रमाणपत्रे आणि 'निसर्गस्नेही' शिक्क्याचा माल येईल. तेव्हा कर्जप्रकरण तपासताना विचारतात तेच प्रश्न विचारावेत. पैसा शेवटी कोणाच्या हाती पडतो? राखलेले वन प्रत्यक्ष कोठे आहे? आणि विकणाऱ्याहून स्वतंत्र असा कोण माणूस ते जाऊन पाहतो? ही उत्तरे समाधानकारक असतील, तर दोन पैसे अधिक मोजण्यास हरकत नाही. ती रक्कम मुद्दलाच्या राखणीसाठी दिली, असे समजून खात्यात लिहावी.