शेवटली ओळ

गेल्या वर्षीं विज्ञानप्रदर्शनाच्या आदल्या सायंकाळीं आमच्या एका विद्यार्थिनीनें आपलें पंधरा दिवसांचें काम स्वहस्तें पुसून टाकिलें. ग्रंथालयाच्या नोंदींसाठीं तिनें जँगोच्या साहाय्यानें एक वेब ॲप्लिकेशन रचिलें होतें. तें त्या सायंकाळीं कांहीं केल्या सुरू होईना. पडदा इंग्रजी ओळींनीं भरून गेला. ती घाबरली, आणि सारें नव्यानें मांडावें म्हणून तिनें मूळ फोल्डरच काढून टाकिला.

जँगो हें पायथन भाषेंतील फ्रेमवर्क. अमेरिकेंत कॅन्सस राज्यांतील लॉरेन्स गांवीं एका वृत्तपत्राच्या कचेरींत तें २००३ सालीं आकारास येऊं लागलें व २००५ सालीं सर्वांस खुलें झालें. तें सुरू न झाल्यास पायथन जो वृत्तांत देतें, त्यास ट्रेसबॅक म्हणतात. त्याची मांडणी अशी कीं, खरें कारण अगदीं शेवटीं येतें. आमच्या मुलांचा धीर मात्र पहिल्या ओळींतच सुटतो!

त्या मुलीची टर्मिनलची खिडकी अजून उघडी होती, म्हणून आम्हांस तें वाचतां आलें. जँगो सांपडत नाहीं असें सांगून शेवटीं सरळ विचारिलें होतें, "व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट करावयास विसरलांत काय?" प्रत्येक प्रकल्पाच्या लायब्रऱ्यांची एक निराळी पेटी असते, टर्मिनलची नवी खिडकी उघडली कीं ती पेटीहि पुन्हां उघडावी लागते. एका आज्ञेचें काम होतें.

दुसरें नित्याचें कारण, ८००० क्रमांकाचा पोर्ट आधींच अडलेला असणें. बहुधा आपलाच जुना सर्व्हर दुसऱ्या खिडकींत चालूं असतो. तो कंट्रोल-सी दाबून थांबवावा, अथवा ८००१ हा क्रमांक द्यावा. तेंहि शेवटींच लिहिलेलें असतें.

या प्रकरणीं आम्ही मुलीस दोष देत नाहीं. आम्हां शिक्षकांनीं आज्ञा पाठ करून घेतल्या, पण संदेश वाचावयास कधीं शिकविलें नाहीं. पालक म्हणतील, इंग्रजीच नीट कळत नाहीं, तर मूल वाचणार काय? अडचण खरी आहे. परंतु या संदेशांत तेच ते थोडे शब्द फिरून फिरून येतात. ते इंग्रजीच्या तासाला सहज शिकवितां येतील. आमची सूचना अशी कीं, येत्या प्रात्यक्षिक परीक्षेंत मुद्दाम बिघडविलेला एक प्रकल्प द्यावा, आणि निम्मे गुण दुरुस्तीला न ठेवितां, शेवटल्या ओळीचा अर्थ मराठींत लिहिण्याला ठेवावे.