खडे मांडणाऱ्या गणकाची कैफियत

भारतीय अंक युरोपांत कसे पोहोंचले ही हकीकत सांगतांना आपल्याकडील लेखक एका मनुष्यास हटकून दोषी ठरवितात. तो म्हणजे अबॅकसवर, अर्थात् रेघांच्या पटावर, खडे सरकवून हिशेब करणारा गणक. शून्याचा प्रकाश दिसत असतां डोळे मिटून बसलेला हटवादी, असें त्याचें चित्र काढून हे लेखक संतोष पावतात. आमच्या मतें हें चित्र अन्यायाचें आहे. आणि शून्याच्या थोरवीस त्याची मुळींच गरज नाहीं.

हा गणक काय करी तें प्रथम पाहूं. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याची रीत रिचर्ड फिट्झनील यानें बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लिहून ठेविली आहे. सुमारें १० फूट लांब व ५ फूट रुंद मेज, त्यावर रेघांचें काळें वस्त्र, आणि पेनी, शिलिंग, पौंड यांचे निरनिराळे रकाने. गणक मेजाच्या मध्यावर बसे, तो त्याचा चालता हात सर्वांस दिसावा म्हणून. वर येणें मांडावें, खालीं भरणा मांडावा, आणि बाकी सर्वांदेखत काढावी. लिहितां-वाचतां न येणाऱ्या देणेकऱ्यासही ती समजे. रिकाम्या रकान्याकडून शून्याचें काम तर तो रोजच घेत होता!

राहिला हटवादीपणाचा आरोप. जर्मनींतील आडाम रीस यानें १५१८ सालीं रेघांवरील गणिताचें पुस्तक काढलें, आणि १५२२ सालीं रेघा व लेखणी या दोहोंचें. नव्या अंकांची शिकवणी जुन्या विद्येच्या जाणत्यानेंच दिली, ती ही अशी.

पटावरचे खडे उचलले कीं हिशेबाचा पुरावा नाहींसा होतो, कागदावर तो राहतो. म्हणून लेखणी जिंकली, आणि तें योग्यच झालें. परंतु गणकाचें कसब हीन होतें असें यावरून ठरत नाहीं. १२ नोव्हेंबर १९४६ रोजीं तोक्यो येथें जपानी मण्यांच्या चौकटीनें अमेरिकन विजेच्या गणनयंत्रास ४ विरुद्ध १ असें हरविलें होतें.

आज यंत्रांतून आकडा निघतो, आणि तो कसा आला हें आपण विचारीत नाहीं. संस्थेचा जमाखर्च असो वा घरची बाकी, छापील आकड्यापुढें आपण मान डोलावतों. सर्वांदेखत हिशेब मांडणाऱ्यास मागासलेला म्हणण्याचा अधिकार अशा आपणांस खरोखर आहे काय?